अन्य

फॉर्मवर तीन चौकोन असतात:
सरकारी. खाजगी. अन्य.
दर मार्चअखेर मी तिसऱ्यात खूण करतो
आणि तिथंच अडकतो, कारण खाली लिहिलेलं असतं:
'अन्य असल्यास तपशील द्या.'
तपशिलाला दीड इंच जागा.

दीड इंचात काय मावेल?
चांदरच्या जुन्या शाळेमागची खोली, भाडं बाराशे,
अकरा बायका, चार स्कूटर
(एकीचा ब्रेक लागत नाही),
रक्तदाब मोजायची दोन यंत्रं
आणि एकोणचाळीस म्हातारी माणसं,
ज्यांची मुलं लिस्बनला, लंडनपलीकडे, नाहीतर जहाजावर.
'हातभार' सहकारी संस्था.
नफा वाटायचा नाही, असा ठराव आहे.
तोटा ठरावाशिवायच वाटला जातो.

पिएदाद मावशीकडे शेवंती वेळीप साडेसातला पोचते,
केप्याहून पहिल्या बसनं.
पोदेराचा भोंगा वळणावर असतो तेव्हा ती दार ढकलते.
आंघोळ, पायांना तेल, साखरेची सुई,
मग बाल्कांवात बसून पेज
आणि मिठातलं तोर.
मावशी एक घास घेते, एक गोष्ट सांगते.
गोष्ट कालचीच असते.
शेवंती विचारते, "मागीर?"
तिला ठाऊक असतं मागीर काय झालं ते.
ह्या 'मागीर'चा दर आमच्या दरपत्रकात नाही.

मावशीची लुर्दिना तिकडे स्विंडनला
दुसऱ्यांच्या आयांना आंघोळी घालते.
घरटी पंधरा मिनिटं. फोनच सांगतो, आता उठ.
चहा करून द्यायचा की बोलायचं,
दोन्हीतलं एकच जमतं, म्हणते.
आधी हे काम तिथल्या चर्चची संस्था करायची,
मग निविदा निघाली,
कुणीतरी तासामागे चाळीस पेन्स कमी लावले.
त्या चाळीस पेन्सांत गोष्टी गेल्या.

मागच्या डिसेंबरात बोलोन्याहून एक बाई आल्या, अभ्यासाला.
वही काढून म्हणाल्या, तुम्ही म्हणजे तिसरं क्षेत्र.
शेवंतीनं विचारलं, पयली दोन खंय गेलीं?
बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
आमचीही खोलीच होती, म्हणाल्या, वीस सभासद,
सगळे एकाच टेबलाभोवती भांडायचो.
आता दोन हजार आहेत,
आणि नुसत्या निविदा लिहायला एक माणूस ठेवलाय, हुशार आहे.
त्यांच्या स्वतःच्या आईपाशी मोल्दोव्हाची एक बाई राहते,
आणि त्या बाईची आई
वाक्य त्यांनी तिथंच सोडलं,
कोकमाचं सरबत मागितलं.

मी हिशेबनीस. मला अर्धी वाक्यं झोपू देत नाहीत.
लुर्दिनाचे पौंड आमच्या खात्यात येतात,
रुपये होतात, शेवंतीचा पगार होतात,
पगारातून बस, पोराची फी, पत्र्याचा हप्ता.
शेवंतीची आई बार्से गावात, डोळ्यांनी अधू.
तिची पेज शेजारीण झाकून ठेवते
काजूंच्या रानात जायच्या आधी,
वर दगड, मांजर येतं म्हणून.
तिच्या दारापर्यंत पैसा पोचत नाही.
पेज मात्र तिथूनच निघते.
उलट्या दिशेनं मोजत गेलं तर
स्विंडनच्या कुठल्यातरी म्हातारीचा सकाळचा चहा
त्या दगडाखाली आहे.
हे कुठल्या रकान्यात मांडू?
जमेत की खर्चात?

ह्या वर्षी दीड इंचात मी एवढंच लिहिलं:
'सुकांती गांवकर, बार्से. पेज. रोज.'

महिन्याभरानं फॉर्म परत आला,
लाल शाईत शेरा: तपशील अपुरा.

अपुरा आहेच.
शेवंतीला वाचून दाखवला.
ती स्कूटरचा ब्रेक ओढून बघत होती,
मान वर न करता म्हणाली,
"मागीर?"