वतन

उताऱ्यावर आज्याचं नाव आहे, सिलास नुऱ्या गावित.
उताऱ्यातली जमीन उकाईच्या पाण्याखाली.
वैशाखात पाणी हटलं की
थोडा बांध दिसतो, चिंचेचं खोड.

बाप म्हणायचा, आपलं वतन दुसरीकडे लिहिलंय.
बोट ठेवून दाखवायचा:
पेत्राचं पत्र, निळ्या पेन्सिलीची रेघ,
शब्दाला लागूनच
त्याच्या बिडीने पाडलेलं भोक.

मी नवापूरच्या डाळमिलमध्ये.
चाळणीवर आठ तास, मग काट्यावर.
केसांत, भुवयांत तुरीचा भुसा.
वतनदाराने कसं चालायचं असतं
मला कुणी शिकवलं नाही.

एवढंच, की काल
रतन्या वसावेच्या पोत्यामागे
दोन किलो मारायला मुकादमाने खुणावलं
आणि हात उठला नाही.
धाडस म्हणणार नाही मी. जड झाला.
मुकादमाने मग स्वतःच मारले.
रतन्या पैसे मोजत गेला.

रात्री लेक म्हणाली,
पप्पा, आपल्या नावावर काय आहे?
ट्रंक उघडली. उतारा हाती आला,
तो बाजूला ठेवला,
ते पान काढून दिलं.
तिने भोकाला डोळा लावला.
म्हणाली,
चूल दिसतेय.