मार लागलेली नाणी

चोपड्याच्या स्टँडबाहेर, रसवंतीच्या सावलीत
बाजाराच्या दिवशी मी पत्र्याची पेटी उघडून बसतो.
एकतीस वर्षं चोपडा–अडावद–यावल केलं,
सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडलो,
आता त्याच सुट्ट्या पैशांकडे
घड्याळजी निंबा शिंप्यानं मरताना दिलेल्या भिंगातून बघतो.

लोक येतात. कुणीतरी सांगितलेलं असतं
की अमक्या नाण्याला लाख मिळतात.

दगा बडगुजरच्या पाच रुपयांना आडवी रेघ होती.
नख फिरव, म्हटलं. अडकतं की चढतं?
चढलं तर साचाच तडकलेला,
धातू त्या फटीत शिरला, रेघ जन्मासोबत आली.
अडकलं तर ओरखडा, रस्त्यावरचा.
अडकलं.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जशी रेघ मीच मारली.

कड तुटलेलं नाणं आलं
की तुटलेल्या जागेकडे मी बघतच नाही,
बरोबर तिच्या समोरची कड बघतो.
पत्रा कापतानाच तुकडा गेला असेल
तर समोरची कडही दबकी असते, नीट उठत नाही,
इकडचं उणं तिकडे पोचलेलं असतं.
कानशीनं कापलेल्याची समोरची कड ठणठणीत.
तिला काही माहीतच नसतं.

धरणगावच्या एका मास्तरांनी
आकडा दुहेरी दिसतो म्हणून तासभर वाद घातला.
ठोकताना साचा हलला की आकड्याशेजारी
एक चपटी पायरी पडते, तिला मोल नाही.
दोन्ही आकडे आपापल्या उंचीनं उभे हवेत,
टोकांशी फाटलेले.
मास्तर म्हणाले, तुम्ही कंडक्टरच होतात ना?
मी म्हटलं, हो, पुढे सरका.

सांगून सांगून माझं एक वाक्य झालंय:
उठलेलं ते टांकसाळीचं, आत गेलेलं ते जगाचं.
बहुतेक वेळा ते खरं असतं.

निमगव्हाणच्या पुलावरून लोक तापीत नाणी टाकतात.
कोळ्यांचा रोहिदास, सातवीतला,
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून खाली सोडतो.
त्यानं ओली पिशवी माझ्यापुढे पालथी केली.
गाळ, शेवाळ, वाळूनं घासलेले सिंह.
आणि मधेच एक रुपया.
एका बाजूला सिंह. उलटवला, तर पुन्हा सिंह,
पण डावे-उजवे बदललेले, आत दबलेले,
'भारत' आरशातल्यासारखं.

आधीचं नाणं साच्यातून निघालंच नव्हतं.
साच्याच्या जागी बसून
त्यानंच पुढच्याला ठोकलं होतं.
एकतीस वर्षं चामड्याची बॅग भरली, रिकामी केली,
असं एकदाही बोटांखाली आलं नव्हतं.

"हाई काय शे, बाबा?"
"आत गेलंय ना," मी म्हटलं, "म्हणजे मार लागलाय."
"पन आक्षर उलटं कसं शे?"
"पाण्यानं."

वीस रुपये दिले. हरखला.
तिथंच रस प्यायला, बर्फ जास्त मागून.

काडेपेटीत आहे ते, कापसात.
तीन महिन्यांची पेन्शन सहज येईल.
बायकोला दाखवलेलं नाही.
रात्री दिव्याखाली धरतो,
उलट्या अक्षरांवरून नख फिरवतो.
अडकतं.

पुढच्या बाजाराला तो परत आला.
चाळीसेक नाणी, धुऊन पुसून,
पेपराच्या पुडीत. एकही धड नाही.
"तुम्हले मार लागेल आवडतस ना,
म्हनीसन येचीसन लई उनू."

मी एकेक भिंगाखाली धरलं,
दोन्ही बाजू, कडा, पुन्हा पहिली बाजू.
यावलची गाडी लागली, भरली, सुटली.
तो पेटीवर हात ठेवून उभाच.
सगळी खरोखरच मार लागलेली होती.