दबक्या आवाजाचं काडतूस

व्होइटच्या दुकानात, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमागे
काडतुसांचं कपाट आहे.
मी म्हटलं, हार्लन, कमी आवाजाचं काही आहे का?
तो म्हणाला, काय?
चाळीस वर्षं बदकांवर बार काढून
त्याच्या डाव्या कानात आता नुसते रातकिडे उरलेत.
उजवा कान त्यानं काउंटरवरून पुढे केला
आणि मी, खिळे तोलून घेणारी गिऱ्हाइकं वळून पाहतील
एवढ्या मोठ्यानं ओरडलो:
कमी आवाजाचं!

आयडेला रात्रपाळीची नर्स.
सकाळी साडेसातला येते, बूट पायरीवरच काढते,
खिडकीला गोधडी अडकवून झोपते.
आणि बरोबर आठला
शेडखालच्या बिळातून तो वर येतो,
ग्राउंडहॉग, घुशीचा श्रीमंत चुलता.
घेवड्याची एक रांग संपवतो,
दुसरीला नुसते दात लावून ठेवतो,
उष्टं करून जागा राखावी तसे.
शेडचा कोपरा चार बोटं खचलाय.
पिंजऱ्यात खरबुजाची फोड ठेवली,
तर ओपॉसम सापडला.
सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच.

हार्लननं तीन डबे मांडले.
हा नेहमीचा, बारा बोअरचा. दार नाही, अख्खं घर आपटल्यासारखा.
हा जरा सौम्य, दारू कमी.
आणि हा आवाजापेक्षा हळू चालतो,
म्हणून हवा फाटत नाही.
जाड पुस्तक फरशीवर पडावं, तेवढंच.
"पण," तो म्हणाला,
आणि बहिऱ्या माणसाचाही आवाज तिथं खाली आला,
"याला जवळ जावं लागतं. पंधरा पावलं.
लांबून मारशील तर मरणार नाही,
बिळात जाऊन कण्हत पडेल."

पंधरावं पाऊल कपड्यांच्या दोरीच्या खांबाशी पडलं.

आजवर मी स्वयंपाकघराच्या दारातून मारत आलो,
ससे, कावळे, एकदा कोल्हा.
धडाड् झालं की कान भरून यायचे,
आणि ते रिकामे होईपर्यंत
तिकडचं जे काय असेल ते आटपलेलं असायचं.
मला वाटायचं, आवाज त्यांना भिववायला असतो.

मंगळवारी मी आयडेलाच्या वाळत्या निळ्या सदऱ्यांमागे उभा राहिलो.
तो आला. मागच्या पायांवर बसला.
मिशा पांढऱ्या झालेल्या, एका कानाला जुनी खाच.
शेंग मोडली, ती कट्कन मोडलेली मला ऐकू आली.
चावणंही ऐकू आलं,
म्हातारा माणूस दार लावून एकटा जेवतो तसं.

पुस्तक पडलं.

झाडावरच्या पक्ष्यानं आपली ओळ अर्धी सोडली नाही.
खिडकीची गोधडी हलली नाही.
आणि मग पानांची सळसळ, मातीवर नखं,
एक लांब श्वास,
आणि त्यानंतरचा, जो यायला हवा होता.
सगळं ऐकलं. काहीच झाकलं गेलं नाही.

चार वाजता आयडेला उठली.
म्हणाली, आज काय छान झोप लागली.
मग सिंकपाशी मला हात धुताना पाहत राहिली.
मी दुसऱ्यांदा धूत होतो.
"जवळ होतास?"
"पंधरा पावलं."
तिनं टॉवेल दिला.
"आमच्याकडे तर खुर्ची ओढून बसावं लागतं," ती म्हणाली,
आणि कॉफी ठेवली.

डब्यात चोवीस उरलीत.
अंधार पडल्यावर मी शेडपाशी गेलो,
गुडघे टेकले, बिळाच्या तोंडाला कान लावला.
आत पिल्लं असतील का, एवढंच बघायचं होतं.
उजवा कान लावला.
डाव्यात गेली काही वर्षं
बारीक किरकिर आहे.