नकाराचा सांधा

मिस्टर ॲशक्रॉफ्टनी टेबलावर प्लॅस्टिकचा कणा ठेवला.
इथे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर म्हणतात;
चाळीस वर्षं शेफील्डमध्ये काढूनही मला ते ओशाळवाणं वाटतं.
"हा पहिला मणका, अंगठीसारखा. ह्यावर डोकं.
हा दुसरा. ह्याच्या खुंटीभोवती अंगठी फिरते."
जात्याच्या मेखेसारखं, मी म्हटलं मराठीत.
मुलीने त्याचं इंग्रजी केलं नाही.

मेख हलली होती.
संधिवाताने आधी बोटं वाकवली, मग मनगटं खाल्ली,
मग चढत चढत तो मानेत पोचला.
मान खाली घातली की
तळपायापर्यंत वीज जायची.
आणि मान खाली घालणं सोडून
मला दुसरं येत काय होतं?

चार स्क्रू. साडेतीन मिलिमीटर जाडीचे.
साडेतीन हातांच्या देहाला साडेतीन मिलिमीटर,
शेजारून रक्ताची नळी, चुकायला जागा नाही.
"पोलादाचे?" मी विचारलं.
ॲटरक्लिफच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
चमचे मोजून खोक्यांत भरलेत मी.
"नाही, टायटॅनियमचे."
गावाच्या वतीने मला थोडं वाईट वाटलं.

मग ते म्हणाले, होकार वरच्या सांध्यात असतो, तो राहील.
नकार ह्या खालच्या सांध्यात.
तो निम्मा जाईल.

शेजारच्या खाटेवरची डोरीन विचारते, साखर?
कॉलरमध्ये हनुवटी अडकलेली,
मी नुसतीच डोळे फिरवते,
आणि ती दोन चमचे घालते.
असा गोड चहा मी तीन दिवस प्याले.

आता रस्ता ओलांडताना कमरेतून वळते,
कपाट सरकवावं तशी, सगळीच्या सगळी.
ट्रामवाला थांबतो. वाट बघतो.
मागे टाक्यांना खाज सुटते, हात पोचत नाही.

परवा जेवताना प्रभाकर म्हणाले,
घर विकू, कऱ्हाडला जाऊ, कायमचं.
विचारलं नव्हतं, सांगितलं होतं;
तरी सवयीने माझ्या मानेकडे बघत राहिले,
ती हलेल म्हणून.
आमटी निवत होती.
ती हलू शकली असती, वरचा सांधा शाबूत आहे.

"नाही," मी म्हटलं.
जरा मोठ्यानेच आलं ते, घसा अजून सुजलेला.
त्यांनी चमचा खाली ठेवला.
माझ्याच खोक्यातला असेल कदाचित,
त्यात खोलीतला दिवा उलटा दिसत होता.