तुलनेची ताटली

आराराक्वारात जुलैमध्ये उसाचं पाचट जळतं
आणि राख येऊन पडते दंतशाळेच्या पायऱ्यांवर.
ती बुटांखाली चिरडत मी आत जाते,
हात धुते कोपरापर्यंत,
उबवणीचं कपाट उघडते.

सदतीस अंशांवर तिथे काइकेचा दुधाचा दात आहे.
म्हणजे दात नाही; दाताच्या पोटातला गर,
गरातून सुटून तळाला चिकटलेल्या पेशी,
लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या,
वाऱ्याने एका अंगावर निजवलेल्या गवतासारख्या.

काइकेच्या आजोबांना तो दात छपरावर फेकायचा होता.
सही करताना दोनदा विचारलं त्यांनी,
मग नवा नीट येईल ना?
डॉक्टर जुरासी हसल्या.
मी नाही हसले. माझाही एक आहे
इटापोलिसच्या कुठल्याशा कौलावर,
घर विकलं, तो राहिला.

कालपासून पेशींना अर्धपोटी ठेवलंय.
भरल्या पोटी पेशीला उजेडाची किंमत कळत नाही,
असं अहवालात वेगळ्या शब्दांत लिहिलंय.
दिवे घालवते. लाल किरण सोडते.
हा कापत नाही, जाळत नाही,
मनगटावर धरा, ऊबसुद्धा लागत नाही.
पण पेशीच्या आत जिथे श्वासाची चूल आहे
तिथे म्हणे कुणी हलकेच फुंकर घालावी
आणि राखेखालचा निखारा उघडा पडावा, तसं होतं.
चाळीस सेकंद. थोडं थोडं.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
इथे भरतं.
जास्त दिलं की पेशी थबकतात, आक्रसतात,
अति तेथे माती हे त्यांनाही ठाऊक आहे,
मला मात्र तीन महिने आणि एकवीस ताटल्या लागल्या.

मग तुलनेची ताटली.
तिलाही तोच काळोख, तेवढीच उपासमार.
नळी तितक्याच अंतरावर, हात तितकाच स्थिर,
चाळीसपर्यंत तोंडातल्या तोंडात मोजते.
फक्त बटण दाबत नाही.

जाऊच्या इस्पितळात नादीरच्या तोंडात
औषधांनी फोड आले, तेव्हा ती पाणीही चमच्याने प्यायची.
तिथेही चिठ्ठ्या होत्या, दोन गट होते,
उजेडाचा आणि नुसत्या नळीचा.
रोज काळा चष्मा लावून ती आ करायची.
रोज फोनवर सांगायची, बरं वाटतं गं,
मस्त गरम लागतं.

गरम.
मी काही बोलले नाही.
मी बारा वर्षं ती नळी हातात धरते आहे.
हनुवटीखाली धरणाऱ्या पोरीचा तळवा असेल गरम,
किंवा नादीरलाच काहीतरी गरम हवं असेल.
तेराव्या दिवशी तिने कोमट दुधात पाव बुडवून खाल्ला.
लिफाफा पुढे उघडला असणार कुणीतरी.
मी विचारलं नाही, ती सांगायला राहिली नाही,
दोन वर्षांनी, दुसऱ्याच कारणाने.

तेव्हापासून चाळीस मोजताना
माझा आवाज कधी कधी बाहेर पडतो.
विद्यार्थी बघतात. त्यांना वाटतं, म्हातारी चुकू नये म्हणून मोजते.

तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली आकडे येतात.
उजेडाच्या ताटलीत दाटी, पेशीला पेशी खेटून.
तुलनेच्या ताटलीत विरळ.
विरळ, पण चिकटून.
जे दिसलं तेच लिहिते, खाडाखोड नाही.
मग दोन्ही ताटल्यांत ब्लीच ओतते,
दोन्हींना सारखाच.

पायऱ्यांवर पुन्हा राख.
कुलूप लावताना फोन वाजतो, काइकेचे आजोबा.
नवा दात आलाय, म्हणतात,
जरासा वाकडा.
छपरावरच टाकायला हवा होता, बाई.