निरंक

लोडशेडिंग होतं तोवर हा संगणक
कधी म्हातारा झाला नाही.
दुपारी दोनला लाईट जायची, सहाला यायची,
आणि आताच जन्मल्यासारखा तो
हिरव्या अक्षरांत विचारायचा: गाडी नंबर?

मग बाजार समितीने इन्व्हर्टर घेतला.
नारळ फुटला, पेढे वाटले,
सेलूच्या भुईकाट्यावर आता अंधार होणार नाही, म्हणाले.
झाला नाही.
तिथून त्याचं वय सुरू झालं.

पहिले वीस दिवस काही कळत नाही.
पंचविसाव्याला पावती अडखळत निघते.
तिसाव्याला आकडा उमटायला
तंबाखू मळून होईल एवढा वेळ.
आणि त्या दिवाळीआधी, चाळिसाव्या दिवशी,
ट्रॅक्टरांची रांग पाथरी रोडच्या पंक्चरवाल्यापर्यंत,
सोयाबीन उन्हात,
माणसं माझ्या खिडकीत कोपरापर्यंत आत,
पडद्यावर वाळूचं घड्याळ,
आणि ते उलटं करायला कुणालाच येईना.

प्रोग्राम लिहिणारा वाकळ्यांचा तुळशीदास आता पुण्यात.
चौथ्यांदा फोन उचलला. म्हणाला, ताई,
तो दर गाडीमागे मेमरीत थोडी जागा घेतो
आणि परत द्यायची विसरतो.
चूक माझीच. थर्ड इयरला होतो तेव्हा.
तुमच्याकडे लाईट जायची,
म्हणून कधी उघडी पडली नाही.

काट्यावर मला अकरा वर्षं झाली.
भरली गाडी चढते, वजन देते, माल उतरवते,
रिकामी होऊन पुन्हा चढते,
तेव्हा कुठे हिशेब पुरा होतो.
हा एकटाच असा, नुसता भरत गेला,
रिकामं वजन द्यायला आलाच नाही.

तर मी अमावस्या धरली.
तशीही त्या दिवशी हमालांची सुट्टी, लिलाव बंद.
मुनव्वरचाचा प्लेटखालच्या खड्ड्यात उतरतात,
चिखल काढतात, कुजलेली तूर,
एकदा सापाची अख्खी कात.
वर मी संगणक बंद करते.
बटणाला हात लावताना
दरवेळी पोटात गोळा येतो:
उठलाच नाही तर?

गुट्टेसाहेब सचिव. म्हणतात,
चालू हाय न? मग चालत्या गाड्याला
खीळ कशाला घालता, बाई?
वर्षभरात काय बिघडलं ते तरी दाखवा.

दाखवायला काहीच नाही.
रजिस्टरात 'बिघाड' या रकान्यात
बारा वेळा एकच शब्द, माझ्याच अक्षरात: निरंक.
त्याचं बिल निघत नाही.
जी रांग लागलीच नाही
तिचा फोटो कुठून आणू?

"सिफर आया क्या, बेटा?"
खड्ड्यातून चाचांचा आवाज.
पडद्यावर शून्य.
काट्याच्या मधोमध एक चिमणी दाणे टिपतेय.
दहा किलोच्या खालचं याला कळत नाही,
ती बसली काय, उडाली काय.
तुळशीदासची चूकही एका गाडीमागे
एवढीच असणार.

"आया," मी सांगते,
आणि ती उडेपर्यंत
रजिस्टर उघडत नाही.