पाटीवरची राणी

केंडलमध्ये, आमच्या गल्लीच्या तोंडाशी,
'क्वीन्स हेड' नावाचा पब आहे.
आत मी कधी गेले नाही.
पण चौपन्न वर्षं तिच्या हनुवटीखालून
दूध आणलं, पाव आणला,
बुटांच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेले,
आणि एकदा, ह्यांच्या मागोमाग,
काळ्या गाडीत बसून.

पाटी रंगवायचा अर्नल्ड थ्वेट.
पहिली त्याच्या बापाने केलेली, राज्याभिषेकाच्या साली:
गाल लालबुंद, मान इतकी लांब
की लोक म्हणत, राणी आहे का बदक?
पुढे दर दहा वर्षांनी अर्नल्ड शिडी लावी,
तिला हातगाडीवर निजवून घरी नेई
आणि थोडं वय देई.
खिशातलं नाणं दिव्याखाली धरून
एकच पांढरा केस. मग गळ्याशी एक वळी.

कंपनीचं पत्र आलं मध्ये कधीतरी:
राणी तरुणच ठेवावी, गिऱ्हाइकाला बरं वाटतं.
त्याच कागदाच्या पाठीवर त्याने लिहिलं,
"बाई कामावर आहे. कामावरचं माणूस म्हातारं होतं."
आणि पाकिटाला तिचंच तिकीट चिकटवलं.

तिच्याखालून पबचे चौदा मालक गेले.
एकाने नवा गालिचा घातला, एकाने तो काढला,
एक तर दीड महिन्यात बायकोसकट पळाला.
प्रत्येकजण आला की आधी मान वर करून
तिच्याकडे बघून घ्यायचा.
ती समोरच्या चांभाराच्या धुराड्याकडे बघत राहायची.

त्र्याण्णव साली अर्नल्ड कानाशी अडला.
नाण्यावरचा कान म्हणजे तांदळाची कणी.
त्याची डोरीन आदल्याच हिवाळ्यात गेलेली.
कुंपणावरून म्हणाला,
"मिसेस पोतनीस, एक कान हवाय. तासभर."

मी त्याच्या शेडमध्ये रंगाच्या पालथ्या डब्यावर बसले.
सोबतीला हे, वर्तमानपत्र घेऊन. उलटं धरलेलं.
टर्पेंटाइनचा वास, पत्र्यावर पाऊस,
आणि माझ्या कानाकडे इतकं निरखून
आजवर कुणी बघितलं नव्हतं.

नंतर बघते तर काय,
राणीच्या कानाच्या वरच्या पाळीला
मोहरीएवढा काळा ठिपका.
बुगडीचं भोक!
साताऱ्याच्या सोनाराने टोचलेलं.
तेव्हा मी अशी बोंबलले होते म्हणे
की दोन दुकानांतली गिऱ्हाइकं बाहेर आली.
बुगड्या पुढे मोडल्या, विमानाच्या तिकिटासाठी.
भोक तेवढं बरोबर आलं.

"अहो, हे माझं आहे, तिचं नाही."
तो ब्रश पुसत म्हणाला,
"कान घेतला तर भोकासकट घ्यावा लागतो."
हे हसले. वर्तमानपत्र सुलटं झालं.

जुनी राणी तो कधी खरवडत नसे.
फळीत आता सात जणी आहेत, एकीवर एक.
ऊन-वारा सगळा वरचीला,
खालच्या सहा जणी अंधारात आपापल्या वयात बसलेल्या.
भोक शेवटच्या तिघींनाच आहे.
गावात हे कुणालाच ठाऊक नाही.
पिणारे लोक इतकं वर बघत नाहीत.

त्या सप्टेंबरात पबवाल्याने काळी फीत बांधली.
बायकांनी खाली फुलं ठेवली, मीही ठेवली,
कुणासाठी ते नीट न ठरवता.
टीव्हीवर सत्तर वर्षं पुन्हा पुन्हा धावत होती,
मी आवाज बंद करून भाजी निवडत होते
आणि मध्येच हात कानाकडे जात होता.

पुढच्या वर्षी पाटीची पाळी आली.
अर्नल्ड अठ्ठ्याऐंशीचा, हात थरथरतो,
कुंपणाला धरून उभा.
"आता काय रंगवू? पुढचं वय तर नाहीच."
मी म्हटलं, "वार्निश लाव."

शिडी मी धरली. चढला पबवाल्याचा पोरगा, डेक्लन,
कानात गाणी घालून, घाईत ब्रश फिरवत.
खालून आम्ही दोघं एकदमच ओरडलो,
तो इंग्रजीत, मी मराठीत:
कानापाशी जपून!